हॅम्बुर्ग बंदरातील दूषित गाळ : प्रक्रिया आणि पुनर्वापराचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण का निवडले

महाराष्ट्रात गाळ म्हटला की आधी धरण आणि पाझर तलाव डोळ्यांसमोर येतात. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनेमुळे तलावातला गाळ ट्रॅक्टरने शेतात नेऊन पसरण्याची पद्धत २०१७ नंतर गावोगाव रुळली आणि हलक्या जमिनींना तिचा लाभही झाला. बंदरातून उपसलेला गाळ दिसायला तसाच काळा आणि चिकट असतो, त्यात सेंद्रिय द्रव्यही भरपूर असते. त्यामुळे तोही जमिनीवर टाकावा, सखल भाग भरून काढावा, जमल्यास त्यावर पीक घ्यावे, हा विचार सहज सुचतो. जर्मनीतील हॅम्बुर्ग शहराने कित्येक दशके नेमके हेच केले आणि पुढे त्याला ही वाट सोडावी लागली. त्यानंतर त्या शहराने गाळावर प्रक्रिया करण्याची जी व्यवस्था उभारली, ती या क्षेत्रात जगभर अभ्यासली जाते. त्या व्यवस्थेचे यश जितके शिकवते, तितक्याच तिच्या मर्यादाही शिकवतात, आणि मर्यादांविषयी फारसे लिहिले जात नाही म्हणून या लेखात त्यांना अधिक जागा दिली आहे. स्थळे आणि सार्वजनिक प्रकल्प त्यांच्या नावांनिशी आले आहेत. अधिकारी, शेतकरी आणि उद्योजक यांचा उल्लेख मात्र केवळ त्यांच्या भूमिकेने केला आहे.

पार्श्वभूमी

हॅम्बुर्ग हे समुद्रकाठचे बंदर नाही. ते एल्ब नदीवर, उत्तर समुद्रापासून सुमारे १०० किलोमीटर आत आहे, आणि तरीही तिथे रोज दोनदा भरती-ओहोटी होते. नदीचे खोरे सुमारे १,४८,००० चौरस किलोमीटरचे असून त्याचा मोठा भाग पूर्व जर्मनी आणि चेकियात येतो. वरून नदी गाळ आणते, खालून भरती गाळ आणते, आणि बंदराच्या रुंद, संथ गोद्यांमध्ये दोन्ही गाळ खाली बसतात. मोठी जहाजे आत यायची तर हा गाळ सतत काढावा लागतो.

काढलेला गाळ पाण्यात कालवून नळांनी शहराच्या दक्षिण आणि नैर्ऋत्येकडील सखल दलदलीच्या जमिनीवर सोडायचा, ही जुनी पद्धत होती. बांध घालून केलेल्या विस्तीर्ण खाचरांत तो पसरायचा, पाणी ओसरायचे, घन भाग खाली राहायचा आणि जमीन काही मीटरने उंच व्हायची. पुराचा धोका असलेल्या प्रदेशात उंच जमिनीला मोल होते. मोरबुर्ग, फ्रांकोप आणि आल्टेनवेर्डर या भागांत अशी बरीच जमीन तयार झाली. बंदराची सोय होत होती आणि जमीनही मिळत होती. कोणाचीच तक्रार नव्हती.

अडचण कशी उघडी पडली

१९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात या गाळाचे रासायनिक पृथक्करण गांभीर्याने होऊ लागले, तेव्हा त्यात कॅडमियम, पारा, आर्सेनिक, जस्त, शिसे असे धातू आणि क्लोरीनयुक्त सेंद्रिय संयुगे चिंता वाटावी इतक्या प्रमाणात आढळली. त्यातला बराचसा भार बंदराचा स्वतःचा नव्हता. एल्बला मिळणाऱ्या मुल्डे नदीवाटे जुन्या खाणींच्या प्रदेशातून कॅडमियम आणि आर्सेनिक येत होते, साले या दुसऱ्या उपनदीवाटे रासायनिक कारखान्यांचा पारा येत होता, आणि चेक बाजूकडून हेक्झाक्लोरोबेंझीनसारखी संयुगे येत होती. पुढे जहाजांच्या बुडाला शेवाळ आणि कालवे चिकटू नयेत म्हणून लावल्या जाणाऱ्या रंगांतील ट्रायब्युटिल टिन हे द्रव्यही या यादीत आले. हा वाटा मात्र बंदराचा आणि जहाजबांधणीचाच होता.

या टप्प्यावर गाळाच्या स्वभावातली एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचा प्रत्येक निर्णय तिच्यावर उभा आहे. प्रदूषक सगळ्या कणांना सारखे चिकटत नाहीत. वाळूचा कण मोठा, त्याच्या वजनाच्या मानाने पृष्ठभाग थोडा आणि तोही बहुतांशी स्वच्छ गारगोटीचा. चिकणमातीचा आणि बारीक पोयट्याचा कण अत्यंत सूक्ष्म, त्याचा पृष्ठभाग प्रचंड आणि त्यावर सेंद्रिय द्रव्याचा लेप. धातू आणि सेंद्रिय विषे या बारीक कणांवर जाऊन बसतात. म्हणून गाळातली वाळू वेगळी करता आली, तर आकारमानाचा मोठा भाग जवळपास स्वच्छ मिळतो आणि विष उरलेल्या थोड्या भागात एकवटते.

दुसरी गोष्ट हवेची. तळाशी असलेल्या गाळात प्राणवायू नसतो. धातू तिथे सल्फाइडच्या रूपात बांधलेले असतात, आणि गाळाचा काळा रंग व सडक्या अंड्यासारखा वास त्याचीच खूण असते. हा गाळ जमिनीवर पसरून वाळला की तो तपकिरी होतो, सल्फाइडचे ऑक्सिडीकरण होते आणि काही धातू पाण्यात विरघळण्याजोगे होतात. म्हणजे नदीच्या तळाशी जो कॅडमियम बऱ्यापैकी जखडलेला असतो, तो शेतात आल्यावर पिकाच्या मुळांना उपलब्ध होऊ शकतो. गाळात चुन्याचा अंश पुरेसा असेल तर आम्लता आटोक्यात राहते, परंतु तेवढ्या भरवशावर भाजीपाला घेणे योग्य ठरत नाही. जमीन सुधारण्यासाठी म्हणून केलेली कृतीच दूषित द्रव्य मोकळे करण्यास कारण होऊ शकते, हे हॅम्बुर्गला इथे कळले.

समोर असलेले पर्याय

जुन्या पद्धतीने पसरत राहणे आता शक्य नव्हते. उरलेल्या वाटा पुढीलप्रमाणे होत्या.

उपसा थांबवणे किंवा कमी करणे म्हणजे बंदरच बंद करण्यासारखे होते, त्यामुळे तो विचार लवकरच मागे पडला. समुद्रात नेऊन टाकणे स्वस्त होते, परंतु हॅम्बुर्ग हे शहर-राज्य आहे. एल्बच्या मुखाशी असलेली नॉयवेर्क आणि शार्‌हर्न ही छोटी बेटे सोडली तर किनारा आणि त्यालगतचे पाणी शेजारच्या राज्यांचे आहे, आणि दूषित गाळ स्वीकारण्यास कोणतेही शेजारी राज्य तयार होणे कठीण होते.

तिसरा पर्याय रॉटरडॅमने निवडला होता. त्या बंदराने समुद्रालगत ‘स्लुफ्टर’ नावाचा प्रचंड बांधबंदिस्त साठा तयार केला आणि १९८७पासून दूषित गाळ त्यात भरायला सुरुवात केली. त्याची मूळ क्षमता सुमारे १५ कोटी घनमीटर होती. पाण्याखालीच राहिल्यामुळे गाळाला हवा लागत नाही आणि धातू जखडलेले राहतात, हा त्याचा मोठा गुण आहे. हॅम्बुर्गकडे एवढी जागा आणि असा किनारा नव्हता.

रॉटरडॅमने साठ्याच्या जोडीला आणखी एक काम हाती घेतले होते, आणि माझ्या मते त्या बंदराचा खरा मोठेपणा त्या कामात आहे. ऱ्हाइन नदीच्या काठाने कोणता कारखाना काय सोडतो याचा त्यांनी १९८०च्या दशकात शोध घेतला आणि कायदेशीर कारवाईची तयारी ठेवून वरच्या देशांतील उद्योगांशी विसर्ग कमी करण्याचे करार केले. हॅम्बुर्गला ही वाट त्या काळात बंद होती. एल्बचे खोरे लोखंडी पडद्याच्या पलीकडे होते. पूर्व जर्मनीतील सरकारी कारखान्यावर पश्चिम जर्मनीतील एका शहराने दावा लावणे किंवा वाटाघाटी करणे शक्य नव्हते. प्रदूषण मुळाशी थांबवता येत नाही म्हणून टोकाला येऊन ते गाळून काढणे, ही हॅम्बुर्गची निवड या राजकीय अडचणीतून आलेली आहे.

चौथा पर्याय अर्थातच गाळावर प्रक्रिया करण्याचा, आणि तोच स्वीकारला गेला.

काय केले : प्रक्रिया केंद्र

प्रायोगिक संयंत्रावर अनेक वर्षे चाचण्या घेतल्यानंतर १९९३ मध्ये ‘मेथा’ हे पूर्ण क्षमतेचे केंद्र सुरू झाले. हे नाव म्हणजे बंदरातील गाळाचे यांत्रिक पृथक्करण या अर्थाच्या जर्मन शब्दांचे संक्षिप्त रूप आहे. वर्षाला सुमारे १० लाख घनमीटर गाळ हाताळण्याची त्याची क्षमता सांगितली जाते.

बार्जमधून आलेला गाळ पाण्याने पातळ करून आत घेतला जातो. प्रथम फिरत्या चाळण्यांवर दगड, लाकूड, भंगार आणि बंदराच्या तळाशी साठलेला सगळा कचरा वेगळा होतो. त्यानंतर पातळ गाळ सायक्लोन नावाच्या शंकूसारख्या यंत्रात जोराने गोल फिरवला जातो; जड वाळू भिंतीकडे जाऊन खाली पडते आणि बारीक गाळ वरच्या तोंडाने पाण्याबरोबर निघून जातो. विभागणीची मुख्य रेषा ६३ मायक्रोमीटरवर ठेवलेली आहे. वाळूला चिकटून राहिलेले हलके सेंद्रिय कण काढण्यासाठी ती खालून वर येणाऱ्या पाण्याच्या प्रवाहातून पुन्हा नेली जाते. हा टप्पा वरकरणी किरकोळ वाटतो. परंतु कोळशाचे आणि कुजलेल्या पाल्याचे बारीक तुकडे वाळूत राहिले तर त्यांच्यासोबत प्रदूषकेही राहतात, आणि मग ती वाळू बांधकामासाठी नाकारली जाते.

उरलेल्या बारीक गाळातले पाणी काढणे हे सर्वांत कष्टाचे आणि खर्चाचे काम आहे. गाळ टाक्यांत दाट केला जातो, त्यात बहुवारिक द्रव्य (पॉलिमर) मिसळून सूक्ष्म कणांचे पुंजके केले जातात आणि मग तो दोन पट्ट्यांच्या मध्ये घालून रुळांखालून दाबत नेला जातो. साखर कारखान्यातला प्रेसमड ज्यांनी पाहिला आहे त्यांना शेवटी बाहेर पडणारा थर ओळखीचा वाटेल. तो ट्रकमध्ये भरता येतो, रचता येतो, त्यावर रोलर फिरवता येतो. पिळून निघालेले पाणीही शुद्ध केल्याशिवाय नदीत सोडता येत नाही, कारण त्यात अमोनियम भरपूर असते.

काय केले : पुनर्वापर

पृथक्करण साधले, तरी वेगळ्या झालेल्या पदार्थांचे काय करायचे हा प्रश्न उरलाच. वाळूच्या बाबतीत अडचण आली नाही. तिला बांधकामात आणि भरावात मागणी होती. बारीक गाळाची गोष्ट वेगळी होती.

त्याचा मोठा भाग फ्रांकोप आणि फेल्डहोफे येथे रचलेल्या टेकड्यांमध्ये गेला. तिथे गाळ नुसता टाकलेला नाही. दाबून बसवलेला बारीक गाळ पाणी जवळजवळ जाऊ देत नाही. नैसर्गिक चिकणमाती विकत आणून जो अभेद्य थर द्यावा लागला असता, तो याच गाळाचा दिला गेला. निचऱ्याच्या थरांसाठी त्याच केंद्रातली वाळू वापरली. झिरपून येणारे पाणी गोळा करून शुद्ध करण्याची सोय केली. दूषित पदार्थाचा त्याच्या अंगच्या गुणासाठी उपयोग करणे, हे या प्रकरणातले मला सर्वांत शहाणपणाचे पाऊल वाटते. चिकणमाती खणण्यासाठी दुसरीकडची जमीन उकरावी लागली नाही, हा त्याचा वेगळा लाभ.

विटांचा प्रयोग अधिक महत्त्वाकांक्षी होता. १९९०च्या दशकात बंदराच्या गाळापासून विटा करणारा भट्टीचा कारखाना उभा राहिला. तांत्रिकदृष्ट्या कल्पना भक्कम होती. भट्टीच्या तापमानाला सेंद्रिय विषे आणि ट्रायब्युटिल टिन नष्ट होतात, बहुतेक धातू विटेच्या काचेसारख्या घट्ट संरचनेत अडकतात, आणि वायुरूपाने निसटणारा पारा धुराच्या शुद्धीकरणात पकडता येतो. विटा चांगल्या निघाल्या. तरीही हा मार्ग टिकला नाही. पाणी काढणे, सुकवणे, भाजणे आणि धूर शुद्ध करणे यांचा खर्च साध्या मातीच्या विटेच्या खर्चाशी स्पर्धा करू शकत नव्हता, आणि दूषित गाळापासून केलेली वीट घराला लावायला ग्राहक कचरत होता. प्रयोगशाळेचा अहवाल कितीही चांगला असला, तरी घर बांधणारा माणूस तो वाचून वीट घेत नाही.

चक्राकार फिरणारा गाळ

प्रक्रिया केंद्राची क्षमता आणि बंदराचा एकूण उपसा यांचा मेळ कधीच बसणार नव्हता. एकूण उपसा वर्षाला अनेक दशलक्ष घनमीटरांपर्यंत जात असे. म्हणून १९९०च्या दशकात, नदीची गुणवत्ता सुधारू लागल्यावर, कमी दूषित गाळ पाण्यातच हलवण्याचे ठरले. तो शहराच्या पश्चिम सीमेवर, नेससांड बेटाजवळ, ओहोटीच्या प्रवाहात सोडला जाऊ लागला. उन्हाळ्यात नदीतला प्राणवायू आधीच कमी होतो आणि वसंतात माशांची वीण असते, त्यामुळे हे काम थंडीच्या महिन्यांपुरते मर्यादित ठेवले गेले.

तर्क असा होता की ओहोटी हा गाळ समुद्राकडे घेऊन जाईल. तसे पूर्णपणे झाले नाही. नदी वारंवार खोल केल्यामुळे आणि काठाच्या उथळ शाखा बंद झाल्यामुळे हॅम्बुर्गमधील भरती-ओहोटीचा फरक विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुमारे २ मीटरवरून साडेतीन मीटरच्या पुढे गेला होता. भरतीचा प्रवाह थोडा वेळ पण जोरात आत येतो आणि ओहोटी अधिक वेळ पण सावकाश बाहेर जाते. अशा नदीत बारीक गाळ आतच ओढला जातो. वरून येणारे गोडे पाणी कमी असलेल्या वर्षांत हा परिणाम अधिक तीव्र होतो. परिणामी खाली सोडलेल्या गाळाचा काही भाग पुन्हा बंदरात येत होता आणि पुन्हा उपसला जात होता. २०००नंतर उपशाचे आकडे वाढले त्यामागे हे एक कारण होते.

इथे दुसरा मोठा निर्णय घ्यावा लागला. २००५पासून शेजारच्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याच्या संमतीने काही गाळ थेट उत्तर समुद्रात, ‘टोने ई-३’ या ठिकाणी नेला जाऊ लागला. दूषिततेच्या मर्यादा आणि तळजीवांच्या सततच्या निरीक्षणाची अट त्याला जोडलेली होती. २००८ मध्ये वेडेल गावाजवळ नदीच्या तळात गाळ अडवणारा खोल खड्डा केला गेला, जेणेकरून समुद्राकडून येणारा तुलनेने स्वच्छ गाळ बंदरातल्या दूषित गाळात मिसळण्यापूर्वीच उचलता येईल. शहराच्या दक्षिणेला क्रेटसांड येथे बांध मागे घेऊन सुमारे ३० हेक्टरचे उथळ भरतीक्षेत्र नदीला परत देण्यात आले. एका क्षेत्राने नदीचा स्वभाव बदलत नाही, पण भरतीची ताकद कमी करण्याची दिशा तीच आहे.

निष्पत्ती

१९९०नंतर एल्बच्या गाळातील धातूंचे प्रमाण लक्षणीय घटले. याचे मुख्य श्रेय प्रक्रिया केंद्राला देता येणार नाही. जर्मनीच्या एकीकरणानंतर पूर्वेकडील अनेक जुने कारखाने बंद पडले, सांडपाणी शुद्धीकरण केंद्रे उभी राहिली, आणि १९९० मध्ये एल्बच्या संरक्षणासाठी आंतरराष्ट्रीय आयोग स्थापन झाला. ट्रायब्युटिल टिनवर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा करार २००१ मध्ये संमत होऊन २००८ मध्ये अमलात आला, तेव्हा तोही भार उतरू लागला.

तरी जुने साठे संपलेले नाहीत. ऑगस्ट २००२च्या महापुराने वरच्या खोऱ्यातील जुना दूषित गाळ ढवळून पुन्हा प्रवाहात आणला. या अनुभवाला धरूनच हॅम्बुर्गने २०१० मध्ये ‘एल्सा’ हा कार्यक्रम सुरू केला, ज्यातून शहराबाहेरच्या, वरच्या राज्यांतील आणि चेकियातील दूषित गाळाच्या कामांना हातभार लावला जातो. स्वतःच्या सीमेबाहेरच्या स्वच्छतेवर एका शहराने पैसा घालणे नवलाचे वाटेल. परंतु वर एक टन दूषित गाळ अडवणे हे तो खाली येऊन लाखो टनांत मिसळल्यावर वेगळा करण्यापेक्षा निश्चितच सोपे आहे.

दुसरीकडे, नदी आणखी खोल करण्याचे काम २०२२च्या सुरुवातीला पूर्ण झाल्याचे जाहीर झाले आणि त्याच वर्षाअखेरीस साचलेल्या गाळामुळे जहाजांच्या बुडीची (जहाजाचा तळ पाण्याखाली किती खोल जातो याची) वाढीव मर्यादा पुन्हा खाली आणावी लागली. त्याच वर्षी हॅम्बुर्गने स्वतःच्या मालकीच्या शार्‌हर्न बेटाजवळ गाळ टाकण्याचा प्रस्ताव पुढे केला, तो राष्ट्रीय उद्यानालगत असल्यामुळे शेजारच्या दोन्ही राज्यांनी विरोध केला, आणि डिसेंबरमध्ये टोने ई-३चा वापर वाढवण्यावर समझोता झाला.

वेगळे काय करता आले असते

पहिली गोष्ट, पुनर्वापराचा ग्राहक आणि त्याचा कायदेशीर दर्जा आधी ठरवायला हवा होता. जमिनीवर आणलेला गाळ कायद्याच्या नजरेत कचरा ठरतो आणि त्यापासून केलेल्या वस्तूवरही तो शिक्का राहतो. विटांसारखे प्रकल्प सुरू करण्यापूर्वी शहराने आपल्याच सार्वजनिक बांधकामांत, म्हणजे धक्क्यांच्या भिंती, गोदामे, बांधांचे अस्तर यांत, ठरावीक खरेदीची हमी दिली असती, तर निदान मागणीचा प्रश्न सुटला असता. अभेद्य थराचा उपयोग टिकला, कारण तिथे ग्राहक शहर स्वतःच होते.

दुसरी गोष्ट मोजमापाची. नेससांडजवळ गाळ सोडण्यापूर्वी तो किती प्रमाणात परत येतो याचा अंदाज मागोवा द्रव्ये (गाळाबरोबर सोडून त्याचा प्रवास टिपता येईल अशी द्रव्ये) आणि नदीच्या प्रवाहाच्या दीर्घकालीन प्रतिकृती यांच्या आधारे, कमी पाण्याच्या वर्षांचा समावेश करून, घ्यायला हवा होता. जिथे एकच गाळ दोनदा उपसला जातो, तिथे उपशाचा आकडा कामाचे माप राहत नाही.

मुंबई आणि जवाहरलाल नेहरू बंदरांच्या सामायिक जलमार्गाची देखभाल करताना निघणारा गाळ मुख्यतः समुद्रातील नेमून दिलेल्या जागी टाकला जातो, आणि अशा जागांच्या निवडीसाठी पुण्याजवळ खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात प्रतिकृती-अभ्यास होतात. पाण्याचा प्रवाह गाळाला कुठे नेतो, हा प्रश्न म्हणजे आपल्याकडे विचारला जातो. त्याच्या जोडीला प्रत्येक गोदीतला आणि खाडीतला गाळ कणांच्या आकारानुसार वेगळा तपासून घेतला पाहिजे : ६३ मायक्रोमीटरच्या वरचा किती, २० मायक्रोमीटरच्या खालचा किती, आणि त्या बारीक भागात पारा, कॅडमियम व ट्रायब्युटिल टिन किती. एकत्र मिसळलेल्या नमुन्याची सरासरी इथे दिशाभूल करते, कारण वाळू अधिक असलेला नमुना स्वच्छ भासतो. ठाणे खाडी आणि उल्हास नदीच्या मुखाकडे, जिथे अनेक दशकांचा औद्योगिक विसर्ग तळाशी बसलेला आहे, ही तपासणी उपशाची निविदा निघण्यापूर्वी व्हावी. तिचे निकाल हाती आले की कोणता गाळ समुद्रात, कोणता भरावात आणि कोणता बंदिस्त जागी जाईल हे निविदेतच लिहिता येईल, आणि ठेकेदारालाही कोणत्या बार्जमध्ये काय भरायचे ते पहिल्या दिवशी ठाऊक असेल.